बर्फावर टाकलेला मासा

गोठलेल्या सरोवराच्या मधोमध उभे राहून मासे पकडणारा माणूस तुम्ही चित्रात पाहिला असेल. पायाखाली बर्फ, बर्फाला पाडलेले वीतभर रुंदीचे भोक आणि त्या भोकात सोडलेला गळ. अमेरिकेच्या उत्तर भागातील मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून अधिक सरोवरे आहेत. तेथे हिवाळ्यात हजारो लोक हा छंद करतात. कॅनडा, फिनलंड, रशिया या देशांतही तो चालतो.

या छंदातून एक प्रश्न उभा राहिला आहे. गळाला हवा तो मासा न लागता नको असलेला मासा लागला तर काय करायचे? कित्येकजण तो सरळ बर्फावर फेकून देत. मासा तेथेच तडफडत गोठून जाई. हे योग्य की अयोग्य? प्रश्न नीतीचा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांची मदत घ्यावीच लागते. कशी, ते पाहू.

बर्फाखालचे जग

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात व जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच असे वागते. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते. म्हणून हिवाळ्यात ४ अंशांचे, सर्वांत जड पाणी तळाशी बसते. त्याहून थंड पाणी वर राहते आणि गोठते ते वरूनच. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट असल्यामुळे तो तरंगतो. अर्धा मीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडले तर पाणी बर्फाच्या वरच्या पातळीपासून सुमारे ४ सेंटिमीटर खाली येऊन थांबते. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

एकदा बर्फाचा थर बसला की तोच पांघरुणाचे काम करतो. पाणी गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ती बर्फातूनच वर जावी लागते. थर जाड होईल तसा तिचा मार्ग लांबतो. त्यामुळे सारख्या थंडीत पहिले १० सेंटिमीटर जमायला चार दिवस लागले, तर २० सेंटिमीटर होण्यास एकूण आठ नव्हे, सोळा दिवस लागतात. यामुळेच खोल सरोवरे तळापर्यंत गोठत नाहीत आणि मासे जगतात.

थंड पाण्यात प्राणवायूही अधिक मावतो. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. परंतु बर्फावर हिम साचले की प्रकाश आत जात नाही, पाणवनस्पतींचे काम थंडावते आणि साठवलेल्या प्राणवायूवरच सर्वांना वसंतापर्यंत दिवस काढावे लागतात. मासे हालचाल कमी करतात, कमी खातात. एक मासा मात्र या काळात विशेष जागा असतो. आपल्या गोष्टीचा नायक तोच.

नावडता ईलपाउट

त्याचे नाव बरबॉट. मिनेसोटात त्याला ईलपाउट म्हणतात. शास्त्रीय नाव आहे 'लोटा लोटा'. आपल्या पाणी प्यायच्या लोट्याशी त्याचा काही संबंध नाही! समुद्रातल्या प्रसिद्ध कॉड माशाच्या कुळातला, पण सारे आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा असा हा एकच मासा. अंग लांबट व बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. पकडल्यावर तो शेपटी माणसाच्या हाताभोवती गुंडाळतो. तेवढ्यानेच अनेकांना त्याची किळस येते.

मासेमार तेथे बसलेला असतो तो वॉलआय नावाच्या रुचकर माशासाठी. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचे, झाऱ्यासारख्या पळीने त्यातला बर्फाचा चुरा काढायचा, छोट्या माशाचे आमिष लावून गळ तळाजवळ सोडायचा. ते आमिष बरबॉटलाही आवडते. शिवाय ऐन हिवाळ्यात, बर्फाखालच्या जेमतेम १ ते ४ अंशांच्या पाण्यात, बरबॉट अंडी घालण्यासाठी थव्याने उथळ भागात येतो. एकेक मोठी मादी लाखो अंडी घालते. म्हणजे तो सर्वांत जास्त सापडतो तो त्याच्या विणीच्याच काळात. बर्फावर फेकलेली एक मादी म्हणजे नुसता एक मासा नव्हे, हे ध्यानात घ्या.

'रफ फिश' म्हणजे काय?

इंग्रजीत अशा माशांना 'रफ फिश' म्हणत आले आहेत. आपण त्याला 'हलकी मासळी' म्हणू. हा शब्द शास्त्राचा नाही, बाजाराचा आणि आवडीनिवडीचा आहे. एकाच माशाकडे निरनिराळे लोक कसे पाहतात ते पाहा.

फिनलंडमध्ये बरबॉटला 'मादे' म्हणतात. तेथे त्याचे बटाटे घातलेले सूप ही हिवाळ्यातली मेजवानी आणि त्याची गाभोळी मोठ्या चवीने खाल्ली जाते. अमेरिकेतही ज्यांनी तो चाखला ते त्याला 'गरिबांची शेवंड' म्हणतात. त्याच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील बॉडेट गावी रोवेल कुटुंब मासेमारी करी व खोकडेही पाळी. बरबॉट खाऊ घातलेल्या खोकडांची लोकर अधिक चांगली होते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्याच कुटुंबातील औषधविक्रेते थिओडोर रोवेल यांनी १९३० च्या दशकात या माशाच्या यकृताचे तेल काढून विकण्याचा उद्योग सुरू केला आणि त्यातून पुढे औषधांचा कारखाना उभा राहिला. बर्फावर फेकून दिला जाणारा मासा तो हाच!

इंग्लंडची हकीगत याच्या उलट आहे. तेथील नद्यांत एके काळी हा मासा पुष्कळ होता. १९६९ मध्ये एक सापडला, त्यानंतर तेथे त्याची खात्रीलायक नोंद नाही. म्हणून, 'हा काय, हवा तेवढा आहे' असे म्हणताना जपावे लागते.

तीन युक्तिवाद

मासा फेकणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते तीन गोष्टी सांगतात.

पहिली : 'हा मासा चांगल्या माशांचे अन्न खातो. तो कमी झालेलाच बरा.' पण बरबॉट आणि वॉलआय दोघेही येथलेच. हिमयुग ओसरल्यावर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, ही सरोवरे बनली. तेव्हापासून दोघे शेजारी नांदत आले आहेत. एकाने दुसऱ्याला संपवायचे असते, तर ते केव्हाच झाले असते.

मात्र परका मासा आला की हिशेब बदलतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज हा मोठा जलाशय आहे. तेथे बरबॉट मुळात नव्हता, कोणीतरी बेकायदा आणून सोडला आणि तो मूळच्या माशांवर ताव मारू लागला. त्यामुळे युटा राज्यात सापडलेला बरबॉट जिवंत सोडणे हाच गुन्हा आहे. उलट आयडाहो राज्यातील कूटने नदीत तो मूळचा रहिवासी. तेथे वरच्या अंगाला लिबी धरण झाले, हिवाळ्यातले पाणी पूर्वीपेक्षा उबदार व वेगवान झाले आणि बरबॉट जवळजवळ नाहीसा झाला. १९९२ मध्ये त्याची मासेमारी बंद करावी लागली. कूटने आदिवासी जमातीने पुढाकार घेऊन पिल्ले वाढवली, नदीत सोडली आणि १ जानेवारी २०१९ रोजी मासेमारी पुन्हा खुली झाली. मासा तोच, एका नदीत मारणे कर्तव्य, दुसरीत जगवणे कर्तव्य. म्हणून प्रश्न 'मासा चांगला की वाईट' असा नसतो, 'कोठला' असा असतो. आणि जेथे मारायचाच आहे, तेथेही तो खाण्यास कोणाचीच हरकत नाही.

दुसरी गोष्ट : 'वाया काहीच जात नाही. कावळे, गरुड, कोल्हे तो खातात. उरलेला बर्फ वितळल्यावर सरोवरातच जातो.' यात तथ्य आहे. द्रव्य नाश पावत नाही, हे आपण शिकलोच आहोत. पण मग ऊर्जेचाही नाश होत नाही, तरी दिवसा रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवला तर आपण त्याला उधळपट्टीच म्हणतो ना? ऊर्जा कायम राहते, तिची उपयुक्तता जाते. जिवंत माशाचे तसेच आहे. त्याचे अणू सरोवरात परततील. पण अनेक वर्षे वाढून अंडी घालण्यास सज्ज झालेला जीव परत येणार नाही. शिवाय मासा कावळ्यासाठी फेकला असे कोणी आधी ठरवत नाही, ते मागाहून सुचलेले असते.

तिसरी गोष्ट अधिक वजनदार आहे : 'सोडून दिला तरी तो मरतोच, मग फरक काय?' येथे बॉईलचा नियम मदतीला येतो.

खोल पाण्यातून वर येताना

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. २० मीटर खोलीवर हवेचा एक आणि पाण्याचे दोन, असा मिळून तीन वातावरणांचा दाब असतो. माशाच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तापमान तेच राहिले, तर दाब तिसऱ्या हिश्शावर आल्यावर वायूचे आकारमान तिप्पट होऊ पाहते. काही माशांच्या वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, ते वायू तोंडावाटे सोडू शकतात. वॉलआय, पर्च, बरबॉट यांना ती सोय नाही. त्यांच्या वाताशयातला वायू रक्तावाटे हळूहळूच कमी होतो. खोलातून भरभर ओढलेल्या माशाचे पोट फुगते, जठर तोंडाशी येते. असा मासा भोकातून परत सोडला तरी बर्फाखाली तरंगत राहतो आणि पुष्कळदा मरतो.

दुसरा धोका हवेचा. उणे २० अंशांच्या हवेत कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांवरचे पाणी लवकर गोठते आणि ते पापुद्रे कायमचे निकामी होऊ शकतात. फोटो काढण्यात, माप घेण्यात गेलेला वेळ माशाच्या जिवावर येतो.

तेव्हा तिसऱ्या युक्तिवादात खरे आहे ते एवढेच : काही मासे सोडून उपयोग नसतो. पण त्यावरून 'म्हणून फेकावा' हे निघत नाही. उथळ पाण्यात पकडलेला मासा पाण्यातच ठेवून, आकडा काढून झटपट सोडला, तर तो बहुधा जगतो. खोल पाण्यातला सोडून जगणार नसेल, तर तो घरी न्यावा व खावा. आणि खायचाच नसेल तर तेवढ्या खोल गळ टाकू नये. याचा अर्थ, नीतीचा निर्णय मासा हातात आल्यावर घ्यायचा नसतो. तो गळ सोडण्यापूर्वीच घ्यायचा असतो. त्यानंतर उरतात ती केवळ कारणे.

कायदा आणि ज्ञान

कायदेही बदलत आहेत. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात खाण्याजोगा मासा पकडून वाया घालवणे हा गुन्हा आहे. मिनेसोटानेही अलीकडे बरबॉटला हलक्या मासळीच्या यादीतून काढून मानाच्या माशांत बसवले आहे.

या बदलामागे नवे ज्ञान आहे. मिनेसोटातच बिगमाउथ बफेलो नावाचा एक हलका समजला जाणारा मासा आहे. तो पंचवीस-तीस वर्षे जगत असावा, असा समज होता. माशाच्या कानात छोटे खडे असतात, त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये उमटतात. ती मोजली आणि १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे मोजणी पडताळून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा एका माशाचे वय ११२ वर्षे निघाले! 'हलका' या एका शब्दापायी त्याचे वय तपासावे असे फारसे कोणाला वाटलेच नव्हते. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याचा अभ्यास आपण करत नाही, हे या शब्दाचे खरे नुकसान.

आपल्याकडे सरोवरे अशी गोठत नाहीत. पण कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर नको असलेली बारीक मासळी आणि मोठ्या माशांची पिल्ले येतातच. काही समुद्रात परत फेकली जाते, काही वाळवून खताला वा कोंबड्यांच्या खाद्याला जाते. तेथेही प्रश्न हाच, आणि उत्तरही जाळे टाकण्यापूर्वीच शोधावे लागते : जाळ्याचे डोळे केवढे ठेवायचे आणि कोणत्या काळात समुद्रात जायचे नाही.

मासे खावेत की नाहीत, हा निराळा प्रश्न आहे आणि तुमच्या वर्गात त्यावर दोन्ही बाजूंचे लोक असतील. जीव घेऊन तो वाया घालवू नये, यावर मात्र दोघांचेही एकमत होण्यास हरकत नाही.

आता थोडे काम तुमच्याकडे. २५ मीटर खोलीवरून ओढलेल्या माशाच्या वाताशयातला वायू किती पट होऊ पाहील, ते काढा. मग आपल्या परिसरात हिंडा आणि शेतात 'तण', बाजारात 'हलके' आणि घरात 'निरुपयोगी' म्हणून टाकल्या जाणाऱ्या पाच सजीवांची यादी करा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा : हे नाव त्याला कोणी दिले, आणि देण्यापूर्वी त्याच्याविषयी किती माहिती होती?