आद्याक्षरांचे बोलीरूप : अमेरिकन सैनिकांची भाषा आणि अनुवाद

सैन्याच्या कारभारात आद्याक्षरी संज्ञांवाचून भागत नाही. हुकूम त्रोटक हवा असतो आणि नोंद आटोपशीर. परंतु कचेरीत जन्मलेली संज्ञा बराकीत पोहोचली की तिचा उच्चार बदलतो, आणि उच्चाराबरोबर तिच्या अर्थाचा रोखही बदलतो. अमेरिकन सैनिकांच्या बोलीत ही घडामोड विशेष ठळकपणे दिसते. युद्धविषयक कादंबऱ्यांतून ही बोली वाचकांपुढे येत असल्यामुळे भारतीय अनुवादकालाही तिचा विचार करणे प्राप्त आहे.

या रूपांतराची पहिली पायरी उच्चाराची होय. रजेवाचून गैरहजर असलेल्या शिपायाच्या नावापुढे ‘ए. डब्ल्यू. ओ. एल.’ ही अक्षरे लिहिली जात. बोलीने त्यांचा ‘एवॉल’ असा सलग शब्द केला. एका मोटारगाडीच्या लांबलचक नावाची एच, एम, एम, डब्ल्यू, व्ही ही आद्याक्षरे तर सर्वस्वी स्वरहीन. तरी सैनिकांनी पदरचे स्वर घालून ‘हम्व्ही’ हा शब्द घडविला. लांब पल्ल्याची टेहळणी करणारी तुकडी व्हिएतनाममध्ये ‘लर्प’ झाली.

दुसरी पायरी उपरोधाची. दुसऱ्या महायुद्धात रूढ झालेल्या ‘स्नॅफू’ या शब्दाचा विस्तार ‘परिस्थिती नेहमीसारखी : सारे बिघडलेले’ असा आहे; मुळात ‘बिघडलेले’च्या जागी एक अश्लील क्रियापद आहे. येथे सैनिकाने अहवालाचाच साचा उचलून अहवालाची थट्टा केली. पुढे १९४३ ते १९४५ या काळात खुद्द सैन्याने ‘प्रायव्हेट स्नॅफू’ या गबाळ्या शिपायाची व्यंगपटमालिका काढून हा शब्द आपलासा केला. ‘जी. आय.’चा प्रवास याहून बोलका आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यांवर, म्हणजे ‘गॅल्व्हनाइज्ड आयर्न’च्या वस्तूंवर, ही अक्षरे असत. पुढे त्यांचा अर्थ ‘सरकारी पुरवठा’ असा लावला गेला आणि अखेर सैनिकच स्वतःस ‘जी. आय.’ म्हणवू लागला. सरकारी सामानाच्या यादीत आपणही एक नग आहोत, ही जाणीव या दोन अक्षरांत दडलेली आहे.

तिसरी पायरी अधिक गंभीर आहे. व्हिएतनाम युद्धात दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘आर्विन’ असा होई. इंग्रजी कानाला ते एखाद्या इसमाचे नाव वाटे. शत्रुपक्षाची ‘व्ही. सी.’ ही अक्षरे बिनतारी संदेशांच्या वर्णमालेत ‘व्हिक्टर चार्ली’ अशी उच्चारली जात. त्यातून नुसता ‘चार्ली’ उरला. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती अशा सहस्रावधी माणसांना हे एकच घरगुती नाव मिळाले. त्यात सलगी आहे, भय आहे आणि माणसाला माणूस न मानण्याची सोयही आहे.

अशा शब्दांपुढे अनुवादक सामान्यतः विस्ताराचा आश्रय घेतो. ‘चार्ली’च्या जागी ‘व्हिएतकाँग गनीम’ आणि ‘एवॉल’च्या जागी ‘विनापरवाना गैरहजर’ असे तो लिहितो. अर्थ बिनचूक उतरतो. परंतु सैनिकाने कचेरीतून हिरावून घेतलेला शब्द अनुवादक पुन्हा कचेरीच्या स्वाधीन करतो. मराठीत नवी आद्याक्षरी संज्ञा घडविण्याचा मार्गही पुरा पडत नाही. त्याचे कारण लिपीत आहे. देवनागरीत व्यंजन स्वरासह उच्चारले जाते. म्हणून महाराष्ट्र साहित्य परिषदेचे ‘मसाप’ हे रूप जन्मतःच शब्द असते. अक्षरे सुटी वाचणे आणि ती शब्द म्हणून उच्चारणे, यांतील जे अंतर इंग्रजीत अर्थवाही ठरते, ते मराठी आद्याक्षरांत जवळजवळ नसतेच.

तथापि लिप्यंतरात ते अंतर राखता येते. अधिकाऱ्याच्या तोंडी ‘व्ही. सी.’ आणि शिपायाच्या तोंडी ‘चार्ली’ अशी दोन्ही रूपे ठेवावीत; पहिल्या उल्लेखाच्या वेळी प्रसंगातूनच अर्थ सुचवावा आणि पुढे शब्दाला त्याच्या बळावर चालू द्यावे. ‘जीप’ हा शब्द मराठीत रुळला तो कोणत्याही विस्तारावाचून. तो ‘जी. पी.’ या अक्षरांपासून आला की १९३६ साली पॉपायच्या चित्रमालिकेत अवतरलेल्या एका अद्भुत प्राण्याच्या नावावरून, हा वाद अद्याप मिटलेला नाही. गाडीचे मात्र त्यावाचून काही अडले नाही. आद्याक्षरांचा विस्तार कोशात सापडतो. त्यांचा अर्थ ती उच्चारणाऱ्याच्या स्वरात असतो. अनुवादकाने जपावयाचा तो हा स्वर.