युद्ध युरोपात, बैठक वर्ध्यात

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर करून टाकले. आठ प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे होती, दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ होते. विचारले कोणालाच नाही. पाच दिवसांनी काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात जमली. तिथून जुलै 1942 पर्यंतच्या तीन वर्षांत हिंदुस्थानने महायुद्धाविषयी काय भूमिका घ्यायची, हा वाद मुख्यतः याच गावात झडला. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही लोहमार्ग वर्ध्याला भेटतात, त्यामुळे येणे सर्वांनाच सोयीचे. उतरायला जमनालाल बजाजांची बजाजवाडी होती आणि आठ किलोमीटरवर गांधीजींचे सेगाव. (त्यांची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊन पडत, म्हणून 1940 मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) तिथल्या दफ्तरातला टेलिफोन व्हाइसरॉयने बसवून घेतला होता, असे आश्रमात सांगतात.

युद्ध पेटण्याआधी, 23 जुलै 1939 ला, गांधीजींनी वर्ध्याच्या पत्त्यानिशी हिटलरला पत्र लिहिले होते. सरकारने ते जाऊच दिले नाही. या पत्राची चेष्टा आजही होते. पण तेवढ्यावरून वर्ध्यातली चर्चा भाबडी होती असे समजणे म्हणजे त्या बैठकांचे ठराव न वाचण्यासारखे आहे.

सप्टेंबरच्या बैठकीला कोण होते ते पाहा. नेहरू चीनच्या दौऱ्यावर होते, तो अर्धवट टाकून परतले. जयप्रकाश नारायण आणि आचार्य नरेंद्र देव या समाजवाद्यांना मुद्दाम बोलावले होते. सुभाषबाबूंनाही बोलावले होते, आणि त्याच्या महिनाभर आधीच पक्षाने त्यांना तीन वर्षांसाठी निवडणुकीच्या पदांना अपात्र ठरवले होते. ज्याला दार दाखवले त्यालाच संकटकाळी सल्ल्याला बोलावण्याची रीत आजच्या पक्षांत शोधून सापडणार नाही. जिनांनाही आमंत्रण गेले होते. ते आले नाहीत.

14 सप्टेंबरचा ठराव नेहरूंच्या हातचा. नाझी आक्रमणाचा त्यात निषेध होता आणि इंग्लंडला थेट सवाल होता: लढाई लोकशाहीसाठी असेल, तर त्या लोकशाहीत हिंदुस्थान बसतो का? गांधीजींचे म्हणणे वेगळे होते. ब्रिटनला जो पाठिंबा द्यायचा तो अटी न घालता, नैतिक स्वरूपाचा द्यावा. या मताचे आपण एकटेच निघालो, हे त्यांनी जाहीर निवेदनात सांगून टाकले आणि तरीही ठरावाची पाठराखण केली. ऑक्टोबरात व्हाइसरॉयचे गुळमुळीत उत्तर आले. त्याच महिन्यात कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यात बसली आणि प्रांतांतल्या मंत्रिमंडळांना राजीनामे द्यायला सांगितले. नोव्हेंबरात नागपूरचे रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळही गेले.

या सगळ्यात खरी कसोटीची बैठक झाली ती जून 1940 मध्ये, 17 ते 21 तारखांना. पॅरिस 14 जूनला पडले होते. फ्रान्स तहाची भाषा करत होता आणि इंग्लंड किती आठवडे टिकेल याचे अंदाज बांधले जात होते. कार्यकारिणीपुढे आलेला प्रश्न अगदी रोखठोक होता: उद्या इंग्रज गेला, देश आपल्या हाती आला आणि सीमेवर शत्रू उभा राहिला, तर बंदूक उचलायची की नाही? गांधीजींना उत्तर हवे होते ते अहिंसेचे, आणि तेही आत्ताच, जाहीरपणे. राजाजींना ते पटले नाही. वल्लभभाईंनाही पटले नाही. ज्यांना लोक गांधींचे सर्वांत पक्के अनुयायी समजत, तेच राजाजींच्या बाजूला जाऊन बसले. काँग्रेस ही राजकीय संस्था आहे, शांततावाद्यांचा पंथ नव्हे, ही अध्यक्ष मौलाना आझादांची भूमिका होती. स्वराज्याच्या लढ्यात अहिंसा, हे त्यांना मान्य होते. देशाच्या संरक्षणासाठीही अहिंसाच, हे मान्य नव्हते. राजेंद्रप्रसाद, कृपलानी, शंकरराव देव ही मंडळी गांधीजींकडे झुकलेली होती.

निकाल गांधीजींच्या विरुद्ध गेला. कार्यकारिणीने ठरावात स्पष्ट लिहिले की गांधीजींच्या बरोबर आम्ही शेवटपर्यंत जाऊ शकत नाही, आणि यापुढच्या कार्यक्रमाच्या जबाबदारीतून त्यांना मोकळे केले. ज्या माणसाच्या दारात सारा देश सल्ल्याला येत होता, त्याला त्याच्याच गावात त्याच्याच माणसांनी नाही म्हटले आणि ते छापून देशाला कळवले. त्या तीन वर्षांतला वर्ध्याचा सर्वांत मोलाचा कागद निवडायचा झाला, तर मी ‘भारत छोडो’चा नव्हे, हा निवडीन. गांधीजींनीही रुसवा धरला नाही. जुलैच्या आरंभी त्यांनी ब्रिटिश जनतेला शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. ते लंडनमध्ये कोणाला रुचणे शक्यच नव्हते. इकडे काँग्रेसने युद्धात सहकार्याचा हात पुढे केला, पुण्याच्या महासमितीने जुलैअखेर त्यावर शिक्कामोर्तब केले आणि 8 ऑगस्टला व्हाइसरॉयने दिलेल्या उत्तराने तो हात रिकामाच राहिला. खान अब्दुल गफारखान मात्र तेवढ्यात कार्यकारिणी सोडून गेले होते.

वर्ध्यात आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. 1996 च्या कायद्याने ते उभे राहिले आणि त्यात गांधी व शांती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. युक्रेनवर किंवा गाझावर अशा विभागात वर्ग घ्यायचा झाला, तर सुरुवात जून 1940 च्या ठरावापासून करावी, असे मला फार वाटते. आक्रमण झालेल्या देशाने शस्त्र उचलावे का, बाहेरच्यांनी ते पुरवावे का, तटस्थ राहणे हे धोरण की पळवाट, हे सगळे प्रश्न त्यात आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसे खुज्या बुद्धीची नाहीत. फरक एवढाच की वर्गातल्या वादानंतर घंटा होते. बजाजवाडीतल्या वादानंतर तुरुंग होता.

तो लगेच आलाही. ऑक्टोबर 1940 मध्ये, 11 ते 13 तारखांच्या बैठकीत वैयक्तिक सत्याग्रहाचे ठरले. 17 ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले. युद्धाला ना माणूस द्यायचा ना पैसा, एवढाच मुद्दा. 21 तारखेला त्यांना पकडले. दुसरे सत्याग्रही नेहरू. ते गांधीजींना भेटून परतत असताना 31 ऑक्टोबरला अलाहाबादजवळच्या छिवकी स्टेशनवर उतरवले गेले. चार वर्षांची शिक्षा झाली.

1942 ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचल्या होत्या. जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामच्या उन्हात राहिले आणि गांधीजींना प्रश्नांनी भंडावून सोडले. मेमध्ये इंग्रजांनी सर्वस्वी निघून जावे म्हणणारे गांधीजी जूनमध्ये मान्य करू लागले होते की स्वतंत्र हिंदुस्थानाशी करार करून दोस्तांच्या फौजा इथे राहू शकतील. 14 जुलैच्या वर्धा ठरावातही तसेच उतरले. म्हणजे इंग्रजांनी जावे, फौजा राहिल्या तरी चालतील. अहिंसेच्या आग्रहापासून हे अंतर थोडेथोडके नव्हे. ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले आणि 16 ऑगस्टला याच जिल्ह्यातल्या आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीसही मेले. बैठकीत दोन वर्षे घोळलेला प्रश्न तिथे कोणी चर्चेला घेतला नव्हता.

जिल्ह्यातच पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, देशातले सर्वांत मोठे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर त्याला आग लागली तेव्हा जवान आणि अग्निशमन कर्मचारी होरपळून मेले आणि आसपासच्या गावांना रातोरात घरे सोडावी लागली. सेवाग्राम पाहायला येणाऱ्यांच्या यादीत पुलगाव नसते. वर्धा जिल्हा मात्र दोन्ही मिळून आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. 1940 च्या बैठकीत जे जिंकले, त्याचेच ते पुढचे पाऊल.

हरलेल्या बाजूची शेवटची मोठी बैठक डिसेंबर 1949 मध्ये झाली. शांतिनिकेतनात सुरू झालेली जागतिक शांततावाद्यांची परिषद महिनाअखेरीस सेवाग्रामला आली. गांधीजींच्या हयातीत ठरलेली, त्यांच्या खुनामुळे पुढे ढकललेली. इंग्लंडहून लेखिका व्हेरा ब्रिटन आल्या होत्या. परिषदेच्या प्रमुखपदी राजेंद्रप्रसाद होते, 1940 मध्ये गांधीजींकडे झुकलेले तेच. महिनाभरात, 26 जानेवारी 1950 रोजी, ते राष्ट्रपती झाले आणि घटनेप्रमाणे सेनादलांचे सर्वोच्च प्रमुखही.