लग्नाचा डीजे ठरवताना



तुळशीचे लग्न लागले की गावोगावी लग्नाच्या बैठका सुरू होतात. पूर्वी आपल्या नाशिककडे संबळ-सनई आणि ढोल-ताशावर भागत असे. मग बँड आला, आता डीजे आहे. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, पावती मागतो. डीजे मात्र 'भिंत किती उंच' एवढ्यावरच ठरवतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात आम्हीही तेच केले. वरात शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या शेडजवळून निघाली. दणक्याने भेदरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकीवर एक चढल्या आणि खालच्या गुदमरून मेल्या. आहेराच्या पाकिटांतून थोरल्या भावाने त्यांची भरपाई केली. शेजारी काही बोलले नाहीत, पण पंगतीलाही बसले नाहीत. मी शेतकीचा पदवीधर, इतरांना कुक्कुटपालन शिकवणारा; पण वरातीचा रस्ता ठरवताना मलाही ते सुचले नाही!

चांगल्या डीजेचे काम नुसती गाणी लावण्याचे नाही. हळदीला काय, वरातीत काय, हे यजमानांना विचारून तो क्रम लावतो. मंगलाष्टकांच्या वेळी माइक खरखरू देत नाही. पंगत बसली की आवाज उतरवतो, म्हणजे वाढप्याची हाक ऐकू येते. आणि वेळ झाली की कोणी कितीही गळ घातली तरी बंद करतो.

ठरवण्यापूर्वी एवढे करा :

१. त्याचे एखादे लग्नातले काम स्वतः जाऊन ऐका.

२. किती तास, किती स्पीकर, जनरेटर व डिझेल कोणाचे, वाहतूक कोणाची, हे कागदावर लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका.

३. तारेवर आकडा टाकू देऊ नका. स्पीकरची गाडी विजेच्या तारांखालून नेऊ नका.

४. वरातीचा रस्ता आदल्या दिवशी पायी फिरून पाहा. गोठा, कोंबड्यांचे शेड, आजारी माणूस, तान्हे बाळ असेल तेथे वाद्य बंद ठेवायला सांगा.

५. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. ८५ डेसिबल आवाजात रोज आठ तासांपर्यंत कान टिकतात. १०० डेसिबलला पाव तासच पुरे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणून लहान मुले व म्हाताऱ्यांना स्पीकरपासून दूर बसवा.

आणि शेवटचे. कांद्याच्या पैशांवर लग्न काढणाऱ्याने शेजारच्याने केवढा डीजे आणला हे पाहू नये, आपले अंथरूण पाहावे. पाहुणे जेवण आठवतात, आदर आठवतात. भिंतीची उंची दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. कर्ज मात्र राहते.