रिस्क संगणक
मोजक्या व साध्या आज्ञांचा संच वापरणारा संगणक. ‘रिड्यूस्ड इन्स्ट्रक्शन सेट कंप्यूटर’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रिस्क’ ही संज्ञा आली आहे. १९७० नंतरच्या दशकात स्मृती महाग व मंद असल्यामुळे एकेका आज्ञेत अधिकाधिक काम भरण्याकडे रचनाकारांचा कल होता. उदा., व्हॅक्स-११/७८० (१९७७) या संगणकात सु. ३०० आज्ञा होत्या. अशा गुंतागुंतीच्या आज्ञांना अनेक आवर्तने लागत.

आय.बी.एम. कंपनीत १९७५ मध्ये सुरू झालेल्या ८०१ या प्रकल्पात जॉन कोक यांनी वेगळी दिशा धरली. कंपायलर हा भाषांतर करणारा कार्यक्रम बहुतेक वेळा थोड्याच साध्या आज्ञा वापरतो, असे दिसून आले होते. म्हणून आज्ञा साध्या ठेवून त्यांची कार्यक्षम मांडणी कंपायलरवर सोपविण्यात आली. आज्ञा साध्या व सारख्या लांबीच्या असल्या, म्हणजे एक पुरी होण्यापूर्वीच पुढची हाती घेता येते आणि जवळजवळ प्रत्येक आवर्तनात एक आज्ञा पार पडते. १९८० मध्ये बर्कली येथे डेव्हिड पॅटरसन यांनी व १९८१ मध्ये स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी यांनी याच दिशेने संशोधन सुरू केले. बर्कलीच्या रिस्क-१ या चिपमध्ये अवघ्या ३१ आज्ञा होत्या.

नव्या आज्ञासंचावर जुने कार्यक्रम तसेच चालत नाहीत, ही मोठी अडचण होती. वर्कस्टेशनांवर ती सौम्य ठरली. कारण तेथील युनिक्स ही कार्यप्रणाली मुख्यतः सी भाषेत लिहिलेली असल्याने नव्या यंत्रावर नेता येत असे. आय.बी.एम.चे आर.टी. (१९८६) हे वर्कस्टेशन फारसे खपले नाही. हेवलेट-पॅकार्ड कंपनीनेही १९८६ मध्ये स्वतःचा रिस्क आज्ञासंच बाजारात आणला. सन कंपनीच्या स्पार्क प्रक्रियकावरील सन-४/२६० (१९८७) या यंत्राचा वेग सेकंदास सु. १ कोटी आज्ञा सांगितला जाई. व्हॅक्स बनविणाऱ्या डिजिटल कंपनीनेही १९८९ मध्ये डेकस्टेशन ३१०० साठी मिप्स प्रक्रियक स्वीकारला. १९९० मध्ये आय.बी.एम.ची आर.एस./६००० ही मालिका आली. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा परम १०००० (१९९८) हा महासंगणकही अल्ट्रास्पार्क प्रक्रियकांवर उभारलेला होता.

वैयक्तिक संगणकांत मात्र इंटेलचा जुना आज्ञासंच टिकून राहिला. त्यासाठी यंत्रभाषेत विकल्या गेलेल्या असंख्य कार्यक्रमांचा त्याग करण्यास ग्राहक तयार नव्हते. पेंटियम प्रो (१९९५) या प्रक्रियकात इंटेलने बाह्य आज्ञा तशाच ठेवून आत त्यांचे साध्या सूक्ष्मक्रियांत रूपांतर केले. प्रचंड खपामुळे असे प्रक्रियक स्वस्त व वेगवान होत गेले आणि रिस्क वर्कस्टेशने मागे पडली. तरीही त्यांमागील कल्पना सफल झाली. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये तयार केलेल्या आर्म प्रक्रियकाचा वंश पुढे भ्रमणध्वनींत सर्वत्र पसरला. कोक यांना १९८७ चे, तर पॅटरसन व हेनेसी यांना २०१७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.