गालातील व्रण आणि अहवालातील मिलिमीटर

तोंडातील न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा काढून तपासणीस पाठविला, म्हणजे रोग्याचे आप्त प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन जो एकच प्रश्न विचारतात, तो 'कॅन्सर आहे की नाही?' हा होय. आणि त्यांच्या मनःस्थितीचा विचार करता दुसरा एखादा प्रश्न त्यांना सुचावा, अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे ठरेल. तथापि गालाच्या अथवा जिभेच्या अर्बुदाबाबत हा होय-नाहीचा निकाल विकृतिशास्त्रज्ञाच्या कामाचे बहुधा सोपे अंग असते. खरी कसोटी लागते ती पुढील तपशिलात, आणि शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावयाचे की नाही, हे पुष्कळ अंशी त्या तपशिलावरच ठरते.

आपल्याकडे या रोगाचे आवडते ठिकाण गाल आणि हिरडी यांच्यामधील खाच हे आहे. तंबाखू-चुन्याचा बार तासन्‌तास जेथे धरून ठेवावयाचा, तेथेच तो उद्भवावा, यात नवल ते काय? मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली, आणि १९४४ सालीच त्यांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही एस.टी. स्थानकाच्या भिंती पाहणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून, मेणात बसवून, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर रंगविले, म्हणजे त्वचासदृश पेशींचे झुबके आपली मर्यादा ओलांडून खालच्या ऊतीत उतरलेले दिसतात, आणि त्यांच्या पोटात केराटिनचे वर्तुळाकार थर साचलेले आढळतात. परंतु तुकडा अगदी वरवरचा असला, किंवा मेणात तिरपा बसला, तर निरोगी पेशींचे पुंजकेही खोलवर घुसल्याचा आभास निर्माण करतात. अशा वेळी 'अधिक खोल तुकडा पाठवावा' असा शेरा मारणे ही टाळाटाळ नव्हे. उलट, संशयावरून कोणाचा अर्धा जबडा काढला जाऊ नये, म्हणून घेतलेली ती खबरदारी होय.

शस्त्रक्रियेनंतर जबड्यासह काढलेला भाग येतो, तेव्हा पुढची बाजू कोणती, वरची कोणती, हे शल्यचिकित्सकाने रेशमी टाके घालून दर्शविलेले असते; मग कडांना रंगीत शाई लावतात आणि हाडाचा भाग कापण्याजोगा मऊ होईपर्यंत अम्लात ठेवतात, त्यात बरेच दिवस मोडतात. (विलंबाबद्दल येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशांचे मूळ या हाडात असते!) त्यानंतर मोजावयाची ती खोली. ही खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी अस्तराची तळपातळी धरून तेथून अर्बुदाच्या सर्वांत खालच्या पेशीपर्यंत गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे सरळ रेषा सोडावयाची. कारण केवळ जाडी मोजली, तर कोबीच्या गड्ड्यासारखी वर वाढलेली गाठ वाजवीपेक्षा भयंकर ठरते, आणि आतून पोखरणारा व्रण सौम्य ठरतो. सध्याच्या वर्गीकरणात दोन सेंटिमीटरपर्यंतचे अर्बुदही ५ मिलिमीटरांपलीकडे उतरले असल्यास दुसऱ्या श्रेणीत जाते, तर दोन ते चार सेंटिमीटरांचे अर्बुद १० मिलिमीटरांपलीकडे गेल्यास तिसऱ्या श्रेणीत. अर्बुदापासून कापलेल्या कडेपर्यंत निदान ५ मिलिमीटर निरोगी ऊती असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र शरीरातून वेगळी होताच ऊती आक्रसते, त्यामुळे शल्यचिकित्सकाने टेबलावर राखलेले अंतर काचेवर घटलेले दिसते, आणि त्यावरून उभयतांत वाद झडतो.

मानेतील लसिकाग्रंथींचे प्रकरण याहूनही गंभीर आहे. अर्बुद लहान असताना आणि मानेत हाताला काहीही लागत नसताना त्या ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी, हा जुना वाद टाटा रुग्णालयातील चाचणीने २०१५ साली बव्हंशी मिटविला : प्रारंभीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणून प्रत्येक ग्रंथी शोधून, मोजून, कापून पाहावी लागते. त्यातही कर्कपेशींनी ग्रंथीचे वेष्टन फोडून बाहेरच्या मेदात पाय पसरले आहेत काय, हे पाहणे अगत्याचे. कारण तसे असल्यास किरणोपचारांच्या जोडीला औषधोपचारही देण्याचा विचार होतो.

घशाच्या मागील भागातील, विशेषतः टॉन्सिलच्या, अर्बुदांचा मामला वेगळा आहे. तेथे पॅपिलोमा विषाणूचा संबंध असू शकतो, आणि पी-१६ नावाच्या प्रथिनाची चाचणी उपयोगी पडते. गालाच्या अर्बुदावर हीच चाचणी करून घेणे म्हणजे बहुतेक वेळा रोग्याच्या पैशाचा अपव्यय होय. लाळग्रंथींची अर्बुदे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहेत.

रोगी गावाकडून परळला किंवा अन्यत्र दुसऱ्या मतासाठी निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत अहवालाच्या दोन-तीन झेरॉक्स प्रती असतात, आणि त्यांवर तेथील डॉक्टरांस फारसे काही करता येत नाही. काचा आणि मेणाचे ठोकळे मूळ प्रयोगशाळेच्या दप्तरी वर्षानुवर्षे जपलेले असतात. रोग्याने अर्ज केल्यास ते पोच घेऊन मिळतात. त्या ठोकळ्यांतून नवे काप काढता येतात आणि खोली पुन्हा मोजता येते, तेव्हा प्रवासास निघण्यापूर्वी ते मागून घ्यावेत.