कागदाच्या खांबांवरची घरे

एक पोस्टकार्ड टेबलावर उभे करण्याचा प्रयत्न करा. ते लगेच आडवे होईल. आता त्याच पोस्टकार्डाची नळी करा, तिला दोन रबरबँड लावा, ती उभी ठेवा आणि तिच्यावर एकेक पुस्तक अलगद ठेवत जा. कागद तोच, त्याचे वजनही तेच. पण आता तो कितीतरी पुस्तके पेलतो. वर्गात सहज करता येण्याजोग्या या प्रयोगामागचे तत्त्व घेऊन एका जपानी वास्तुशिल्पीने घरे, शाळा आणि प्रार्थनामंदिरे उभारली. त्याचे नाव शिगेरू बान. त्याच्या कामाची ओळख आपण येथे करून घेऊ.

बान यांचा जन्म १९५७ साली टोकियोत झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत, प्रथम कॅलिफोर्नियात आणि नंतर न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये घेतले. १९८५ साली त्यांनी टोकियोत स्वतःचे कार्यालय थाटले. पुढच्याच वर्षी फिनलंडचे प्रसिद्ध वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांच्या कामाचे प्रदर्शन मांडण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आल्टोंच्या कामात लाकडाला मोठे स्थान. तेव्हा मांडणीही लाकडाचीच हवी; पण तेवढा पैसा नव्हता, आणि काही आठवड्यांनी मोडून टाकायच्या गोष्टीसाठी लाकूड वाया घालवणे बान यांना पटेना. कागदाचे व कापडाचे गठ्ठे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या त्यांनी वापरून पाहिल्या. त्या अपेक्षेपेक्षा बळकट निघाल्या. प्रदर्शन संपले, नळ्यांचा विचार मात्र सुरूच राहिला.

या नळ्या बळकट का असतात? लांब, सडपातळ खांबावर भार वाढत गेला तर तो सहसा चिरडला जात नाही. आधी बाजूला वाकतो आणि मग मोडतो. म्हणून प्रश्न असतो तो वाकण्याला होणाऱ्या विरोधाचा. हा विरोध पदार्थावर जितका अवलंबून आहे तितकाच पदार्थ मध्यापासून किती दूर मांडला आहे यावरही अवलंबून आहे. बान यांच्या घरांतल्या नळीचे उदाहरण घेऊ. व्यास १०६ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर. तेवढ्याच पुठ्ठ्याचा भरीव दांडा केला तर त्याचा व्यास जेमतेम ४० मिलिमीटर भरेल. गणित केल्यास असे दिसते, की वाकण्याला नळीचा विरोध या दांड्याच्या सुमारे १३ पट आहे. बांबू पोकळ असूनही भक्कम का, याचे एक उत्तर हेच.

अर्थात एवढ्यावर कोणी घर बांधू देत नाही. वासेदा विद्यापीठातील रचना-अभियंते गेंगो मात्सुई यांच्या मदतीने बान यांनी या नळ्या दाबून, वाकवून, भिजवून तपासल्या. १९९३ साली जपानच्या बांधकाम कायद्याखाली कागदी नळ्यांच्या रचनेला मान्यता मिळाली.

दोन वर्षांनी या मान्यतेचे मोल कळले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात मोठा भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे दगावली. अनेक मृत्यू जड कौलारू छपराची जुनी घरे कोसळून झाले. येथे न्यूटनचा दुसरा नियम आठवावा. जमीन हादरते तेव्हा इमारतीवर येणारे बल हे तिचे वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराइतके असते. इमारत हलकी असेल तर बल कमी, आणि पडलीच तरी आतल्या माणसावर येणारा भारही कमी. पुठ्ठा पोलादापेक्षा दुबळा खरा, पण त्या पुठ्ठ्याच्या घराला पेलायचे असते ते फार थोडे वजन. पदार्थ किती मजबूत आणि इमारत किती मजबूत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बान यांनी सतत मांडलेला मुद्दा तो हाच.

कोबेत व्हिएतनामहून आलेले काही निर्वासित बागेत प्लॅस्टिकच्या तंबूंत दिवस काढत होते. त्यांच्यासाठी बान यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने कागदी नळ्यांच्या भिंतींची छोटी घरे बांधली. पायाला वाळूची पोती भरलेले बिअरच्या बाटल्यांचे क्रेट, दोन नळ्यांच्या फटीत पाणी अडवणारी स्पंजाची पट्टी, वर ताडपत्री. जवळच आगीत भस्मसात झालेल्या चर्चच्या जागी ५८ नळ्यांचे एक सभागृहही उभे राहिले. आगीत जळालेल्या जागी कागदाची इमारत, ही कल्पना प्रथम तिथल्या धर्मगुरूंनाही वेडेपणाची वाटली होती. ते सभागृह दहा वर्षे वापरात राहिले. २००५ साली ते सुटे करून तैवानला नेण्यात आले आणि १९९९ च्या भूकंपाची झळ बसलेल्या ताओमी गावात २००८ पासून पुन्हा उभे आहे.

हाच आराखडा बान यांनी इतरत्र जसाच्या तसा नेला नाही, हे विशेष. तुर्कस्तानात थंडी अडवण्यासाठी नळ्यांत कागदाचे कपटे भरले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर भुजमध्ये घर बांधताना क्रेट मिळेनात, तेव्हा पडलेल्या घरांचा राडारोडा पायात घातला, जमीन मातीने सारवली आणि छप्पर बांबूचे व चटयांचे केले. चीनमधील सिचुआनच्या २००८ च्या भूकंपानंतर चेंगदूच्या एका प्राथमिक शाळेसाठी जपानी व चिनी विद्यार्थ्यांनी मिळून कागदी नळ्यांचे नऊ वर्ग बांधले. शिक्षकांना हे उदाहरण अधिक जवळचे वाटेल.

कागदाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि ओलावा लागला की त्यांच्यातली पकड सैल होते. म्हणून नळ्यांवर पाणी न शोषणारा लेप द्यावा लागतो. मोठ्या इमारतीत कागद सहसा एकटा नसतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे २०१३ साली उघडलेल्या कॅथीड्रलमध्ये नळ्यांच्या जोडीला लाकडी तुळया आणि पोलाद आहे.

२०१४ साली बान यांना वास्तुशिल्पातील प्रतिष्ठेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील मेत्स येथील संग्रहालयासारख्या भव्य इमारतीही त्यांच्या नावावर आहेत. पण वास्तुशिल्पी बहुधा पैसा आणि सत्ता असलेल्यांसाठीच राबतात, ही त्यांची खंत होती, आणि १९९५ साली स्थापन केलेल्या स्वयंसेवी संस्थेमार्फत त्यांनी तिला उत्तर दिले.

वर्गात प्रयोग करताना तो अर्ध्यावर सोडू नये. नळी उंच केली तर काय होते? चौकोनी केली तर? एक पोस्टकार्ड ओले करून आणि दुसऱ्याला मेण लावून पाहिले तर? मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग पुस्तके मोजावीत. बान आणि मात्सुई यांनी प्रयोगशाळेत विचारलेले प्रश्न याच जातीचे होते.