मधला खांब

तुकोबांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर निमगाव केतकीला मुक्कामाला असते. ती पाहायला माणसे गच्चीवर चढली, की साहजिकच रस्त्याच्या बाजूला दाटतात. मागची गच्ची मोकळी राहते. एवढ्यानेही गच्चीखालच्या तुळईचे गणित पालटते. ते मी मांडून पाहिले.

जुन्या माळवदाची लाकडी तुळई बहुधा खांबाच्या डोक्यावरच सांधलेली असे. दोन खणांच्या दोन तुळया. एकीवर भार आला तर दुसरीला त्याची खबर नसे. काँक्रीटची तुळई मात्र तीन खांबांवर सलग ओततात. दोन्ही खण सारखे आणि भारही सारखा पसरलेला असेल, तर मधल्या खांबावर निम्मा भार येईल असे वाटते. येतो ६२.५ टक्के, कडेच्या खांबांवर प्रत्येकी १८.७५. नुसत्या तोलाच्या नियमांनी हे आकडे निघत नाहीत, कारण अज्ञात तीन आणि समीकरणे दोन. तिसरे समीकरण तुळईच्या वाकण्यातून मिळते: मधल्या खांबावर दोन्ही खणांचा कल एकच राहतो. क्लॅपेरॉन या फ्रेंच अभियंत्याने १८५७ साली त्यावरूनच आपले सूत्र मांडले.

आता गर्दी फक्त पुढच्या खणावर आहे असे धरू. तो खाली वाकतो आणि मागचा वर उचलला जाऊ पाहतो. स्लॅबचे स्वतःचे वजन त्याला दाबून धरते, हे आपले नशीब. गंमत पुढेच आहे. दोन्ही खण भरलेले असताना गर्दीमुळे पुढच्या खणाला जेवढा वाकवणारा जोर सोसावा लागतो, त्याहून मागचा खण रिकामा असताना सुमारे ३६ टक्के अधिक सोसावा लागतो. मागे उभी असलेली माणसे पुढच्यांचे ओझे हलकेच करत असतात!

मधल्या खांबावर मात्र तुळई उलटी वाकते. ताण तिच्या माथ्याला येतो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. म्हणून खणाच्या मध्यावर गज तळाशी हवेत, खांबावर माथ्याशी. हेच माथ्याचे गज स्लॅब ओतताना पाट्या वाहणाऱ्यांच्या पायाखाली दबतात. तळाची चीर खालून दिसते; माथ्याची फरशीखाली झाकून जाते.

काळ्या जमिनीत धोका आणखी एक. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सर्वाधिक भार मधल्या खांबावर, आणि खड्डे मात्र पुष्कळदा तिन्ही सारखेच घेतलेले. मधला खचला, की दोन खणांचा एकच लांब खण होऊ लागतो. खांबावरचा ताण माथा सोडून तळाला उतरतो, जिथे गज सर्वांत कमी असतात. म्हणून बांधकाम पाहायला गेलो, की मी आधी मधल्या खड्ड्यात डोकावतो: मुरूम लागला आहे का?